मामाच्या डबीतले रबरी मासे

माझा मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चाळीस वर्षं शिडीवर उभं राहून त्याने लोकांची नावं मोठी केली आणि स्वतःचं कुठेच लिहिलं नाही. गावभर तो नुसता पेंटर. पुढे पाट्या छापून यायला लागल्या, त्याचं काम बसलं, पण हात स्वस्थ बसेनात. मग तो लाकडाचे खोटे मासे करायला लागला. बोटाएवढा मासा, पोटात शिसं, खाली दोन गळ आणि अंगावर खवलान् खवला रंगवलेला. होडीतून तो पाण्यात फेकायचा आणि झटके देत ओढायचा, की खरा मासा त्याला भक्ष्य समजून झडप घालतो. "माझी पाटी वाचून कधी कुणी धावत आलं नाही," मामा म्हणायचा, "मासे मात्र येतात."

होडी लहान, जेमतेम तीन माणसांची. मामाचा सगळा जीव तिच्यात. पण वर्षभरापासून तो विसरायला लागला होता. एकदा गॅस चालू राहिला. एकदा होडीच्या तळाचं बूच लावायचं राहिलं आणि धक्क्यालाच आत पाणी भरलं. मामीने हाय खाल्ली. तेव्हा मामाच तिला म्हणाला, "पुन्हा माझ्या हातून असं काही झालं, तर होडीच्या इंजिनाची किल्ली तुझ्या हवाली. मग मी समुद्राचं नाव काढणार नाही." मामाने दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, हे मामीला माहीत होतं. मलाही होतं.

त्यानंतर तो फार जपायला लागला. मागच्या खोलीच्या भिंतीवर त्याने टपोऱ्या अक्षरांत यादीच रंगवली: बूच, पेट्रोल, नांगर, लाइफ जॅकेट, पक्कड, पिण्याचं पाणी. होडी काढायच्या आदल्या दुपारी जुन्या चादरीवर सगळं मांडायचं आणि यादी वाचत एकेका वस्तूला हात लावायचा. प्रत्येक गळाचं टोक तो अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचा. घसरलं तर बोथट, मग कानशीने घासत बसायचं. माशांच्या डबीला मात्र दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. आणि एक गोष्ट तर तो आल्यागेल्याला ऐकवायचा: मऊ रबरी मासे रंगवलेल्या माशांपाशी ठेवायचे नाहीत. रबराला तेल सुटतं आणि ते रंग खातं.

हे मी हजारदा ऐकलं होतं. पण मी पडलो दीडशहाणा. एकदा मी हौसेने रबरी मासे विकत आणले. मामा जेवून आडवा झाला होता, ठेवायला हाताशी दुसरं काही नव्हतं. जाताना काढून घेऊ म्हणून मी ते त्याच्या डबीत सारले आणि साफ विसरलो. मामा नाही, मी.

पंधरा दिवसांनी, होडी काढायच्या आदल्या दुपारी, आम्ही चादरीभोवती बसलो होतो. बऱ्याच दिवसांनी होडी निघणार, म्हणून मामा खुशीत होता. यादी संपली, सगळं जागच्या जागी होतं. शेवटी त्याने डबी घेतली. झाकण निघता निघेना. उघडलं तर आत नुसता लगदा. रबर विरघळून चिकट गोळा झालेला, निळा-चंदेरी रंग त्यात कालवलेला आणि मामाचे सात मासे सोलल्यासारखे उघडे पडलेले. वयाने आता त्याच्या हाताला कंप सुटला होता. तसे खवले पुन्हा रंगवणं त्याच्याच्याने होणार नव्हतं.

ते रबर कुणाचं, हे मला लगेच उमगलं. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामा हळूच म्हणाला, "हे मीच केलं असणार. या डबीला दुसरं कोण हात लावतं?"

दारात उभ्या असलेल्या मामीने विचारलं, "अहो, पण रबरी मासे तुम्ही आणलेत कधी?"

"तेच तर. आणल्याचंही आठवत नाही."

मी गप्प बसलो. भीती नव्हती, मामाने जन्मात मला चापट मारलेली नाही. चाळिशीतल्या माणसाने इतका मूर्खपणा केला हे मामीसमोर सांगायची लाज वाटली, बस्स. तेवढ्यासाठी मी त्याला स्वतःच्या डोक्यावर संशय घेऊ दिला. मामा उठला, खुंटीवरची किल्ली काढून त्याने मामीच्या हातात दिली आणि सामान आवरायला लागला. मी त्याला नांगर उचलून दिला. आठवलं की अजून मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही पाण्यावर असायला हवे होतो त्या वेळी, मी त्याच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगून टाकलं. रबर माझं, हात माझा, तू झोपला होतास.

मामाने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "खरं असतं तर तू कालच बोलला असतास. मी काय तुला ओळखत नाही?"

"आईची शपथ, मामा!"

"माझ्या बहिणीला मध्ये आणू नकोस. म्हाताऱ्याची लाज राखायला आलास, तेवढं पोचलं मला."

मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो. मामा मान डोलवत हसत राहिला. मामीने माझ्यापुढे चहा ठेवला, न मागता जास्तीची साखर घालून, आणि मामाला म्हणाली, "भाचा असावा तर असा."

मी तो चहा प्यायलो.