ताईने पुन्हा धुतलेले कप

आमच्या ताईला दुसऱ्याने केलेलं काम बघवत नाही. आईने घातलेली चादरीची घडी मोडून ती पुन्हा घालते. बाबांनी धुतलेले कप, ते आत गेले की गुपचूप पुन्हा विसळते. तिला कुणी काही बोलत नाही. तिच्या तोंडी कोण लागणार?

विद्यापीठात टीम प्रोजेक्ट आला तेव्हा म्होरकेपण साहजिकच तिच्याकडे गेलं. सरांचे नियम तिने मोठ्या अक्षरांत छापून कपाटावर चिकटवले: प्रत्येकाने आपला भाग स्वतः करायचा, स्वतःच मांडायचा, आणि दुसऱ्याचा भाग त्याला विचारल्याशिवाय बदलायचा नाही. हा शेवटचा नियम तिने लाल शाईने अधोरेखित केला होता. मला तेव्हाच हसू आलं होतं.

विषय होता सार्वजनिक ठिकाणची बसायची सोय. टीममधल्या एका अबोल मुलाकडे, ज्याला सगळे मौनीबाबा म्हणत, दवाखान्याचा प्रतीक्षा-कक्ष होता. हा मुलगा या विषयात आधी एकदा नापास झाला होता. आता पुन्हा आपटला तर वर्ष वाया जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सादरीकरण सगळ्यांना खुलं होतं, म्हणून मीही मागच्या बाकावर जाऊन बसले. मौनीबाबा उठला, मागे पडद्यावर त्याची स्लाइड आली आणि तो बघतच राहिला. तिथलं एकही वाक्य त्याचं नव्हतं.

"बोल ना," सर म्हणाले.

"सर, तयारी कमी पडली. चूक माझी आहे."

सरांनी पेन उचललं. मी ताईकडे बघत होते. ती खाली मान घालून बसली होती आणि मला तिची इतकी लाज वाटली की उठून निघून जावंसं वाटलं. शेवटी ती कशीबशी उभी राहिली.

"सर, त्याचा भाग मी काढून टाकला. हे मी लिहिलंय."

"त्याला विचारलं होतंस?"

"नाही."

"त्याच्या भागात काय चुकलं होतं?"

ताईने एकदा पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माहीत नाही, सर. मी पहिल्या पानापुढे वाचलंच नाही."

मौनीबाबाला पुढच्या आठवड्यात स्वतःचा भाग मांडायची मुभा मिळाली. ताईचे टीमवर्कचे सगळे मार्क गेले, पण त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. "तो माझ्यासाठी खोटं बोलला गं," एवढंच वाटेत दोनदा म्हणाली.

घरी आल्यावर सवयीने तिचा हात ओट्यावरच्या कपांकडे गेला. नळ सोडला आणि तिला एकदम भान आलं. तिने घाईने नळ बंद केला. बाबा दारातच उभे होते.

"धू गं," ते म्हणाले. "रोज धुतेसच की. मला आवाज येतो आत."