त्सेंग ताईंची रजा आणि कोरा पत्ता

त्सेंग ताईंना आमच्या ताइचुंगच्या ऑफिसात सगळेच वचकून असतात. सगळ्यांत जास्त को साहेब, आणि तेच ताईंचे वरिष्ठ. बाई पन्नाशीच्या, ओठ लालभडक, जिभेला धार. एरवी वर्षभर सुट्टी मागणार नाहीत, पण माझू देवीची पालखी निघाली की सोबत पायी जाणार म्हणजे जाणार.

यंदा नेमकं, पालखी कुठवर पोहोचली हे दाखवणाऱ्या साइटचं काम आमच्याच गळ्यात पडलं. साहेबांनी बजावलं, "साइट चालू झाल्याशिवाय रजा नाही." आणि पालखी निघायच्या दिवशी साइट काही केल्या उठेना.

आमचं टेम्प्लेट नवे सर्व्हर उभे करतं, मग प्रत्येकाला त्याचा पत्ता विचारून साइटला कळवतं. सर्व्हर ठणठणीत उभे होते, पत्ता मात्र कोरा. बरं, चूक झाली म्हणून बोंब मारावी, तर तेही नाही. असल्या गप्प बसणाऱ्या बिघाडांचा मला मनस्वी राग येतो.

मशीन शहाण्यासारखं चालावं म्हणून आमच्याकडे सर्व्हरवर खाऊची हिरवी पुडी ठेवतात; को साहेबांनी आधी ती तपासली. तिची तारीख उलटलेली नव्हती. मग त्यांनी सर्व्हरलाच हात जोडले.

"साहेब, पूजा नंतर. आधी मला बघू द्या," म्हणत ताई पाठीवरची पिशवी न उतरवताच खुर्चीत बसल्या. "टेम्प्लेट विचारतंय, चार नंबरच्या नेटवर्कवर तुझा पत्ता काय? आपण विचारू, बाबा रे, असतील नसतील ते सगळे पत्ते सांग."

सर्व्हरने एकच पत्ता सांगितला. पाच नंबरच्या नेटवर्कवरचा.

"चार कुठे गेलं?" ताईंनी मान वळवली. आमच्या भाषेत चारचा उच्चार मरणासारखा, म्हणून लिफ्टमध्येही तीननंतर पाचच येतो, त्यामुळे आम्ही सगळे साहेबांकडे बघू लागलो.

"देवीच्या कामात चार कशाला, अपशकुनी?" साहेब पुटपुटले. "मी काल नुसतं नाव बदललं. नेटवर्क तेच आहे."

"वा! घराची पाटी बदललीत आणि पोस्टमनला सांगायचं राहिलं!"

ताईंनी टेम्प्लेटमध्ये चारचं पाच केलं. साइट उठली, नकाशा दिसला, आम्ही टाळ्या पिटल्या. साहेबांनी निमूटपणे रजेचा कागद पुढे ओढला.

"किती दिवस?"

"चार," ताई अगदी गोड आवाजात म्हणाल्या.

साहेबांचं पेन थबकलं. त्यांनी एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा देवीच्या नकाशाकडे, आणि कागदावर पाच लिहिलं.