मावसाजींचं चालतं खुराडं

आमच्या मावसाजींनी कोणतीही वस्तू एकदा बांधली आणि ती तशीच राहिली, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात घडलेलं नाही. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत पस्तीस वर्षं काढल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याकडे दुरुस्तीलाच आली आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. घरातला चपलांचा स्टँड त्यांनी तीनदा बांधला. खिशात मोजपट्टी कायम असायची. माझ्या लग्नात ते स्टेजची उंची मोजताना सापडले होते आणि पायरी दोन इंच चुकल्याचं त्यांनी नवरीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मावशी गेल्यावर रायपूरच्या समता कॉलनीतल्या घरात ते दिवसभर एकटे असत. मुलगा-सून सकाळीच कामाला जात. मागे बरंच मोठं अंगण होतं, म्हणून त्यांनी कोंबड्या पाळायचं ठरवलं. पण साधं खुराडं त्यांना चालणार नव्हतं. त्यांना सरकतं खुराडं हवं होतं : खाली उघडं, म्हणजे कोंबड्यांचे पाय गवतावर, बाजूंना जाळी, वर झोपायला फळ्यांचा माळा, एकीकडे चाकं आणि दुसरीकडे हातगाडीसारखे दांडे. "एका जागी बसून माणूस खराब होते, ते तं कोंबडी आहे," ते मला म्हणाले. "तिले रोज नवी जागा पाहिजे."

पहिलं खुराडं त्यांनी लोखंडी अँगलचं केलं. ते इतकं भक्कम झालं की त्यातून कोळसा नेता आला असता. सरकवायला चार शेजारी लागले, आणि त्यातल्या एकाची कंबर धरल्यापासून तो मावसाजींना पाहिलं की रस्ता बदलू लागला. दुसरं बांबूचं केलं. एका उन्हाळी वावटळीने ते उचललं आणि शेजारच्या डॉक्टरांच्या मोटारीवर नेऊन ठेवलं. सुदैवाने आत कोंबड्या नव्हत्या. खुराडं मनासारखं जमेपर्यंत कोंबड्या आणायच्या नाहीत, असा त्यांचा नियम होता. वजनाच्या चाचणीसाठी आत चार कोहळे ठेवलेले असत. तिसरं मात्र जमलं. सागाच्या जुन्या पट्ट्या, हलकी जाळी, सायकलची दोन चाकं. सत्तरीचा माणूस एकट्याने दांडे उचलून ते हातभर पुढे नेई आणि आतल्या चार कोंबड्या त्याच्याबरोबर चालत जात.

त्या कोंबड्यांशी ते हिंदीत बोलत. काहून, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "इथच्याच आहेत त्या. माह्या पोट्ट्याशी मराठीत बोललं तं तो हिंदीत उत्तर देते, ह्याईले काय मराठी येणार?"

दोन वर्षं फार सुखाची गेली. मग मुलाने ते घर विकलं आणि शहरापासून दूर, नवा रायपूरला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सामान हलवायच्या महिनाभर आधी मावसाजी माझ्याकडे आले. माझं घर दोन गल्ल्या सोडून, मागे बऱ्यापैकी अंगण. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मोजपट्टी काढली, पण उघडली नाही. "तुह्या अंगनात जागा आहे," ते म्हणाले. "मी बसने येत जाईन. सरकवाचं काम माहं. तुले काही पाहा लागणार नाही."

अंगणात मी नुकतंच गवत लावलं होतं. त्यावर कोंबड्या चालताहेत, हे चित्र मला काही आवडलं नाही. पण तसं सांगायचं धैर्य नव्हतं. मी म्हटलं, "बायकोला विचारून सांगतो."

मी तिला विचारलंच नाही. त्यांचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा ती माहेरी असल्याचं सांगितलं. महिना संपायच्या आदल्या दिवशी त्यांनी खुराडं कोंबड्यांसकट आमच्या गल्ल्यांत दारोदार येणाऱ्या भाजीवाल्या दीदीला देऊन टाकलं. ती गावाहून एक छोटी गाडी घेऊन आली होती. दांडे कसे उचलायचे, ते त्यांनी तिला तीनदा दाखवलं म्हणे.

हे मला बायकोकडूनच कळलं; दीदीने तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. आमच्या घरी होत्या की कोंबड्या."

गेल्या महिन्यात मी फ्लॅटवर गेलो. माफी मागायची, असं ठरवूनच गेलो होतो. बाल्कनीत आम्ही बसलो. खाली रुंद, रिकामे रस्ते होते. मी सुरुवात करणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "तू नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं रे. मी वाट पाहून राहिलो होतो, एवढंच." आवाजात राग नव्हता. मग त्यांनी चहा किती गोड हवा ते विचारलं आणि स्वतःच करून आणला.

निघताना मी नको म्हणत असतानाही ते बसथांब्यापर्यंत आले. तिकडे बस फार कमी. पाऊण तास आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसून होतो, आणि तेवढ्या वेळात ते मला माझ्या मुलांच्या शाळेचं, बायकोच्या गुडघ्याचं, सगळं विचारत राहिले. मी उत्तरं देत गेलो. बस आली, तेव्हा त्यांनीच हात दाखवून ती थांबवली.