तारेअलीकडची लेन्स

आष्ट्याच्या अलीकडं, जिथं उसाची पानं वाकून येणाऱ्याजाणाऱ्याचा गाल खाजवतात, तिथं लालासाहेब फोटोग्राफरचं छोटं दुकान आहे. फोटो काढायला त्याला कुणी शिकवलं नाही. मिररलेस कॅमेरा आणला तेव्हा आधी त्याला हळदकुंकू वाहिलं, मग डोळ्याला लावला. गावातलं एकही लग्न त्याच्यावाचून लागत नाही.

अशा माणसाला बनुबाईच्या अंगणानं घाम फोडला. म्हातारीचं नवं घर उभं राहिलं होतं आणि फौजेतला नातू जयराज रविवारी रजा संपवून निघणार होता. त्याच्यासोबत द्यायला तिला एकच फोटो हवा होता. जोत्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत अख्खं घर, पुढं घरची माणसं. पण अंगण चिंचोळं. त्यापुढं काटेरी तार, तारेपलीकडं धाकटा दीर नानासो याचं रान. ते कोपरासारखं वळून घराच्या बाजूलाही आलेलं. वाटणीपासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

"तारेपल्याड पाय टाकशील तर पाय हितंच ठिवून जायचं," नानासोनं लालासाहेबाला बजावलं होतं.

तारेला पाठ टेकवून लालासाहेबानं कॅमेरा रोखला. दार आलं आणि दारात निम्मा जयराज.

"लाला, माझं घर कुठं हाय?"

"काकी, लेन्स बदलाय लागतीया."

दारापासून तारेपर्यंत सुतळी ताणून त्यानं ती तोडली, खिशात घातली आणि सांगली गाठली.

"लग्नासाठी हवी की निसर्गासाठी?" दुकानदारानं विचारलं.

"तारंसाठी."

बनुबाईच्या घराएवढी उंच इमारत निवडून त्यानं सुतळीचं एक टोक दुकानदाराला तिच्या दाराशी धरायला लावलं, दुसरं स्वतःच्या पायाखाली दाबलं. पस्तीस एमएमची लेन्स लावली, इमारतीची पाटी कापली गेली. आकडा उतरला की लेन्स जास्त रुंद बघते, म्हणून चोविसाची लावली, तरी गच्ची गेली. तोवर पेठेत बोंब उठली, "रस्तारुंदीची मोजणी आली!" भराभर फलक आत गेले, पायऱ्यांवरची पोती उचलली गेली. एका चहावाल्यानं न मागता चहा पुढं केला. "साहेब, आमच्याकडनं जरा सांभाळून मोजा." लालासाहेबानं चहा सावकाश संपवला आणि सोळाची लावली. गच्ची, आभाळ आणि पळापळ करणारी अख्खी पेठ तिच्यात मावली.

"हीच द्या."

शनिवारी सगळे नटून उभे राहिले. कुणाचा पाय तारेपलीकडं घसरतोय का, हे बघायला नानासोही घराच्या बाजूला आपल्या रानात उभा. फोटो निघाला. घर टाकीसकट आलं. पण कडेला नानासोही आला, आडवा पसरून, दोन माणसांएवढा. कडेच्या माणसाला ही लेन्स अशी लाटून काढते, हे सांगलीत कुणी बोललं नव्हतं.

जयराज हसून खाली बसला. नानासोनं तारेवरून मान लांबवून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं.

"मला रेडा केलास व्हय रं? पूस मला!"

"पुसतो की. पर कड कापली तर तुमच्यासंगं टाकी जातीया."

"टाकी जायाची न्हाई," बनुबाई म्हणाली.

"मग म्या असाच ऱ्हाऊ?"

"मदल्या माणसाला ही लेन्स काय करत न्हाई, आण्णा."

बनुबाई मान वर न करता म्हणाली, "भावजी, मदी या."

"म्या फकस्त अंग बेतात दिसावं म्हणून येतोय," म्हणत नानासोनं धोतर सावरलं आणि तार ओलांडली.

मधे दाटी झाली. कुणीतरी कडेला जायला हवं होतं. बनुबाईच गेली. "मला दिसू दे जरा अंगानं भरल्याली. पोराला तिकडं काळजी नगं."

आता नानासोला उदारपण आलं. "लाला, काटं टोचून घेतोस कशाला? सरक की माझ्या रानात, लागंल तेवढा."

सदरा तारेत अडकलेला, पाठीला काटे रुतलेले. लालासाहेबानं बनुबाईला आणखी थोडी कडेला घेतली.

"आता न्हाई सरकत, काकी बारीक व्हत्याल," तो म्हणाला आणि बटण दाबलं.