ऐकणाऱ्यांचा रकाना

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या गावच्या वाचनालयाला ग्रामपंचायतीकडून मिळणारी मदत बंद झाली. मदत म्हणजे एक खोली, तिचं वीजबिल आणि तीन वर्तमानपत्रं. कारण लेखी दिलं होतं: नोंदवहीत वर्षभर रोज एकाच वाचकाची सही आहे, एका माणसासाठी सार्वजनिक वाचनालय चालवता येत नाही.

नोंद खरी होती. सही मामांची होती.

गाव शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या अलीकडे. वाचनालय चालवणारं मंडळ गावातल्याच सात जणांचं, पगार कुणालाच नाही. मामा त्याचे चिटणीस; सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. त्यांचं घराणं गावात जुनं, धंदा शिलाईचा, दुकान मशिदीच्या गल्लीत. सकाळी डेअरीला दूध घातलं की माणसं रिकामे कॅन घेऊन तशीच वाचनालयात येत. मामा चष्मा लावून पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचत. मथळा वाचला की थांबत. माणसांचं बोलून झालं की मग बातमी. कांद्याचा भाव, कालव्याच्या पाण्याचं आवर्तन, कंपन्यांतली भरती, सगळ्यात शेवटी निधनवार्ता. कारेगावहून रात्रपाळी करून आलेले दोघं-तिघं भिंतीला टेकून ऐकता ऐकता झोपी जात. सव्वानऊला मामा पेपरची घडी घालत, नोंदवहीत सही करत आणि दुकान उघडायला जात.

बाकी कुणी सही करत नसे. नियम मामांचाच होता: ज्यानं वाचलं त्यानं सही करायची. ऐकणारे वाचत नव्हते, म्हणून सही करत नव्हते. इतक्या वर्षांत त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

ऐकणाऱ्यांत माझे वडील होते. त्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. आजोबांनी मेंढरं विकून जमीन घेतली, तोवर शाळेचं वय निघून गेलं होतं. त्यांना सही येत होती, वाचता येत नव्हतं. मी पुण्याला एका वर्तमानपत्रात बावीस वर्षं बातमीदार होते. बातमीवर बहुतेक वेळा नाव नसे, ‘प्रतिनिधी’ एवढंच. वडील संध्याकाळी फोन करत. प्रश्न तीनच असत: जेवलीस का, आज कुठं गेली व्हतीस, गावाकडं कवा येनार. बातमीविषयी ते कधी बोलले नाहीत. मी सुट्टी काढून गावी येई, त्या दिवसांत माझं काही छापून येत नसे. त्यामुळे मामा माझी बातमी कशी वाचतात, हे मी कधी ऐकलं नाही.

मदत बंद होण्याच्या आधीच्या दिवाळीनंतर वडील गेले. आई एकटी राहिली म्हणून मी नोकरी सोडून गावी आले.

पत्र आलं त्या आठवड्यात मामा मला घेऊन ग्रामपंचायतीत गेले. टेबलावर नोंदवही होती. मी ती मागून घेतली, कशासाठी ते सांगितलं नाही. दिवाळीपासून मागे पानं उलटत गेले. प्रत्येक तारखेपुढे एक सही, खालच्या ओळीत पुढची तारीख, पुन्हा तीच सही. वडील रोज सकाळी त्या खोलीत बसत होते, याचा कागदावर काही पुरावा नव्हता.

ग्रामसेवक नव्यानं बदलून आलेले, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी स्वतःहून मार्ग सुचवला. जे रोज येत होते त्यांच्या सह्या मागच्या तारखांना घ्या, मी विषय पुढच्या मासिक सभेत ठेवतो. माणसं गोळा करायला तासभर पुरला असता. दारात उभा असलेला एक जण म्हणाला, “आन् दिवाळीच्या आधी आप्पाची सही कोण करनार? का वही वर पाठवायची त्याच्याकडं?”

आप्पा म्हणजे माझे वडील. मग त्याला मी दिसले. तो बाहेर निघून गेला.

मामांनी वही मिटली. म्हणाले, “साहेब, कोनत्या दिशी कोन आलं, कोन न्हाई, ते मला आता सांगता यायचं न्हाई. अंदाजानं भरली तर तिला नोंद कशी म्हनायची?”

“मग मला मदत चालू ठेवता येणार नाही, मामा.”

“व्हय. तुमचं बराबर हाय.”

मला त्या पानांवर वडिलांचं नाव हवं होतं. कुणी ते लिहिलं असतं तर मी हरकत घेतली नसती. नोकरीत असताना अशी मागाहून भरलेली नोंद मी बातमीत खरी म्हणून घेतली नसती.

मामांनी खोलीची किल्ली त्याच दिवशी जमा केली. जूनमध्ये त्यांनी दुकानही बंद केलं. डोळ्यात मोतीबिंदू होता, सुईत दोरा जात नव्हता. दौंड तालुक्यात खुटबावला त्यांची मुलगी दिली आहे, तिच्याकडे ते राहायला गेले.

ऑगस्टमध्ये मी खुटबावला गेले. न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत एसटी, पुढे रिक्षा. ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. मामा काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. मी वडिलांचा विषय काढला नाही. त्यांनीच काढला.

“तुझी बातमी असली की आप्पा दोनदा वाचायला लावायचा.”

मी विचारलं, नाव नसताना ती माझी आहे हे त्यांना कसं कळायचं?

“आदल्या दिशी तू फोनवर सांगितल्यालं असायचं ना, अमक्या गावाला गेले व्हते. पेपरात त्या गावाचं नाव आलं की हात वर करायचा. मी पयल्यांदा सगळ्यांसाठी वाचायचो. दुसऱ्यांदा त्याच्यासाठी. जरा सावकाश.”

माझ्या पर्समध्ये एक जुनं कात्रण होतं. वाचून दाखवाल का, असं विचारायचं मी ठरवून आले होते. डॉक्टरांनी त्यांना महिनाभर वाचायला मनाई केली होती. मी कात्रण बाहेर काढलं तेव्हा ते म्हणाले, “तू वाच. मी ऐकतो.”

मथळा संपवून मी पुढचं वाक्य सुरू केलं. त्यांनी हात वर केला.

“थांब. इथं थांबायचं असतं. मानसाला बोलू द्यायचं.”

मी थांबले. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मग मी बातमी वाचली, आणि नंतर न सांगता आणखी एकदा, सावकाश.

निघताना त्यांनी मला वहीचं सांगितलं. दोन रकाने आखायला हवे होते, वाचणाऱ्यांचा एक आणि ऐकणाऱ्यांचा एक. ते आपल्याला सुचलं नाही, चूक आपली आहे. गावाकडं कधी येणार, असं मी विचारलं. आता मुलगी सोडणार नाही, असं ते म्हणाले.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी मंडळाच्या वतीनं अर्ज दिला. त्यात रकाने दोन मागितले होते आणि मागच्या नोंदवहीत काहीही बदललेलं नाही, असं लिहिलं होतं. ठराव विरोधाशिवाय मंजूर झाला. मदत नव्या आर्थिक वर्षापासून सुरू झाली.

या वर्षी एप्रिलच्या पहिल्या सोमवारी वाचनालय उघडलं. मामा आले नाहीत. डेअरीवरून माणसं आली. वाचन सव्वानऊला संपलं. नोंदवहीच्या पहिल्या पानावर वाचणाऱ्यांच्या रकान्यात एक सही आहे, माझी. ऐकणाऱ्यांच्या रकान्यात सतरा सह्या आणि चार अंगठे आहेत.