जुबेदाचाचींची न उतरणारी शुगर

“अम्मी खोटं बोलतीया, सिस्टर. चोरून गोड खातीया,” सलीमनं आईसमोरच सांगून टाकलं.

दुपारचे दोन वाजून गेले होते. शाहूपुरीतल्या एका डायबेटिस क्लिनिकमध्ये मी नर्स आहे. काय खायचं, किती चालायचं, इन्सुलिन कसं घ्यायचं, हे पेशंटना समजावणं माझं काम. सकाळपासून तेच तेच सांगून घसा बसला होता.

जुबेदाचाची कोडोलीच्या. वय साठीचं, घरी शिवणकाम. त्यांचा एचबीएवनसी अकरा आला होता. हा आकडा म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. सातच्या आसपास असला तर बरा, अकरा म्हणजे फारच. डॉक्टरांनी दोनदा इन्सुलिनचा डोस वाढवला, तरी तो हलत नव्हता.

“च्या बिनसाखरेचा, भाकरी दीड, रोज मळ्यापतोर चालतो,” चाची म्हणाल्या. “सुनंनं साखरंचा डबा कुलपात घातलाय. आणि काय करू?”

मीही तेच विचारलं. “खरं सांगा चाची, एखादा पेढा?”

त्यांचे डोळे भरले. “तुमी बी त्यातल्याच की.”

विषय बदलायचा म्हणून म्हटलं, “इन्सुलिन कुठं घेता, दाखवा.”

पडदा ओढला. त्यांनी बेंबीच्या उजवीकडं बोट ठेवलं. तिथं लिंबाएवढी मऊ गाठ होती.

“रोज हितंच?”

“व्हय. हितं दुखत न्हाई.”

एकाच जागी सुई टोचत राहिलं की कातडीखालची चरबी फुगते. तिथं दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा तिथंच टोचतो. इन्सुलिन मात्र त्या गाठीतच अडकतं, रक्तात नीट पोचत नाही. जागा बदलत राहा, हे चार वर्षांपूर्वी मीच त्यांना सांगितलं होतं. त्यानंतर एकदाही त्यांचं पोट बघितलं नव्हतं.

मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. “सर, डोस वाढवू नका.”

“अकरा आहे, सिस्टर.”

“गाठीत जातंय सगळं. हात लावून बघा.”

त्यांनी बघितलं आणि उलट डोस कमी केला. आता सुई दुसरीकडं टोचायची होती; चांगल्या जागी तेवढंच औषध पूर्ण लागू पडलं असतं आणि साखर एकदम खाली गेली असती.

सलीमला बाजूला घेतलं. “आईला घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच साखरपाणी द्यायचं. डब्याचं कुलूप आजच काढा.”

तो म्हणाला, “आमी तिला लई बोललोय, सिस्टर.”

तीन महिन्यांनी आकडा आठच्या खाली आला. चाचींनी रिपोर्ट मुलाच्या हातात दिला. “वाच,” एवढंच म्हणाल्या. माझ्याशीही त्या फारसं बोलल्या नाहीत.

हल्ली मी आधी पोट तपासते, मग जेवणाचं विचारते. प्रत्येकाला पाच मिनिटं जास्त लागतात. बाहेरची रांग कुरकुरते, कुरकुरू दे.