मशीनची बातमी

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मी पेणहून कंपनीच्या बसने रोह्याला कारखान्यात जायचो. पॅकिंगचा सुपरवायझर होतो. एकदा मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं. "नवं मशीन येतंय. बायकांना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात त्या." किती जणी राहणार, असं विचारलं तर म्हणाले, "आत्ता फक्त मशीनचं बोला."

जेवणाच्या सुट्टीत मी तेवढंच बोललो. गडबच्या एका बाईंनी विचारलं, "आमी राहणार का नाय?"

"मला माहीत नाही."

"मंग तुमाला कशाला पाठवला?"

परतीच्या बसमध्ये त्या माझ्या पुढच्याच बाकावर होत्या. गडबला उतरेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मशीन आलं, निम्म्या जणींना घरी बसवलं. ते सांगायलाही मलाच पाठवलं. नोकरी मलाही हवी होती, मी गेलो.